देवमाशाच्या जठराची प्रतिकृति

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकीं एका पत्राचा विषय या खेपेस विचारार्थ घेत आहों. पत्र एका वडीलधाऱ्या वाचकभगिनींचें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील धाकट्या भावजींचे चिरंजीव नोकरीनिमित्त जपानांत राहतात. तेथील एका मेजवानींत त्यांनीं बांगड्याच्या जातीच्या कच्च्या माशाचे कांहीं तुकडे खाल्ले, आणि त्याच रात्रीं पोटांत अशी कळ उठली कीं मित्रांनीं त्यांस रुग्णालयांत नेलें. डॉक्टरांनीं तोंडावाटे जठरांत दुर्बिणीची नळी सोडली, आणि तिच्या टोकाशीं असलेल्या चिमट्यानें अडीच सेंटिमीटर लांबीचा, दोऱ्यासारखा, पांढुरका, जिवंत जंत बाहेर काढला. जंत निघाला तशी कळही थांबली. आतां चिरंजीव दिवाळीस घरीं यावयाचे आहेत, आणि घरांत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, जंत निघाला, विषय संपला. दुसऱ्या पक्षाच्या अग्रणी आमच्या पत्रलेखिकेच्या सासूबाई आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, जंत निघाला तरी त्याचीं अंडीं आंत राहिलीं असलीं पाहिजेत. घरांत सात लहान मुलें आहेत. तेव्हां पाहुण्याचें ताट व तांब्या निराळा ठेवावा. 'यांतलें खरें काय, तें शास्त्राच्या आधारें सांगावें,' अशी भगिनींची मागणी आहे.

मत्स्याहाराचा प्रश्न त्या कुटुंबानें आपसांत मिटवावा. तो आमच्या अधिकारांतला नव्हे. जंताच्या प्रश्नाचें उत्तर मात्र प्रथमच देऊन टाकतों. ताट निराळें मांडण्याचें कांहीं एक कारण नाहीं. या जंताची लागण एका मनुष्याकडून दुसऱ्यास होत नाहीं. परंतु नुसतें 'नाहीं' म्हटल्यानें सासूबाईंचें समाधान व्हावयाचें नाहीं, आणि होऊंही नये. त्यांचें अनुमान चुकीचें असलें तरी अडाणीपणाचें नाहीं. जंत म्हटला कीं अंडीं आलींच, हा अनुभव त्यांनीं आपल्या घरांतच घेतलेला आहे. म्हणून हें उत्तर कोठून आलें तें सांगणें अवश्य आहे. त्याचा बराच भाग एका विलक्षण उद्योगांतून आला आहे. कांहीं शास्त्रज्ञांनीं हा जंत प्रयोगशाळेंत कांचेच्या भांड्यांत ठेवून, त्याला खाऊं घालून, त्याच्या प्रकृतीस मानवेल अशी ऊब देऊन, अक्षरशः लेंकरासारखा वाढविला आहे!

या जंताचें शास्त्रीय नांव ॲनिसाकिस. लहान मुलांच्या आंतड्यांत होणाऱ्या ज्या लांबट, पांढुरक्या जंतांशीं आपल्याकडील आजीबाई पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत, त्यांच्याच गणांतला हा समुद्रवासी आप्त होय. १८०९ सालीं रुडोल्फी या शास्त्रज्ञानें त्याचें प्रथम वर्णन केलें, तेव्हां त्यानें याला त्या घरगुती जंताच्याच वंशांत, म्हणजे ॲस्कॅरिस या नांवाखालीं, घातलें होतें. वेगळें नांव व वेगळें घर त्याला मागाहून, १८४५ सालीं मिळालें. दोघांचेंही अंग गोल, दोन्ही टोकांस निमुळतें, वर गुळगुळीत व चिवट कातडें. परंतु दोघांच्या संसाराच्या तऱ्हा अगदीं भिन्न आहेत. घरगुती जंत मनुष्याच्या आंतड्यांत बिऱ्हाड करतो, आणि त्याचीं अंडीं मळाबरोबर मातींत पडून तेथें पक्व होतात. ॲनिसाकिसचें बिऱ्हाड देवमासे व डॉल्फिन यांच्या जठरांत असतें, आणि त्याच्या अंड्यांस माती नव्हे तर समुद्र लागतो.

हीं अंडीं देवमाशाच्या विष्ठेबरोबर पाण्यांत पडतात. एकेक अंडें मिलिमीटरच्या सुमारें विसाव्या भागाएवढें. पाणी उबदार असेल तर कांहीं दिवसांनीं, थंड असेल तर कांहीं आठवड्यांनीं, त्यांतून अळी बाहेर येते. अंड्याच्या कवचांत असतांनाच तिनें दोनदां कात टाकलेली असते. पुढें ही अळी क्रिल नांवाच्या, कोळंबीसारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या प्राण्याच्या पोटांत जाते. क्रिलला हेरिंग, बांगडा यांसारखा मासा किंवा माकूल गिळतो. माशाच्या पोटांत ती अळी दोन-तीन सेंटिमीटर लांबीची होते, घड्याळाच्या कमानीसारखें वेटोळें करते आणि स्वस्थ पडून राहते. त्या माशाला दुसऱ्या मोठ्या माशानें खाल्लें, तर ती एका पोटांतून दुसऱ्या पोटांत बिऱ्हाड हलविते. परंतु तिची अवस्था बदलत नाहीं. महिनोन्‌महिने ती अशी थांबूं शकते. एके दिवशीं तो मासा देवमाशाच्या घशांत गेला, म्हणजे ती खडबडून जागी होते, आणखी दोनदां कात टाकते, नर किंवा मादी होते, आणि मग पुन्हां अंडीं. असें हें रहाटगाडगें चालतें.

ही हकीकत आज आपण एका परिच्छेदांत सांगतों. परंतु ती जुळवितांना शास्त्रज्ञांस फार अडचण पडली. अडचण कोणती तें पाहा. माशांत सांपडते ती अळी; ती नराची कीं मादीची, कोणत्या जातीची, हें तिच्या नुसत्या रूपावरून नीट ठरवितां येत नाहीं. जाति ओळखण्याच्या खुणा पूर्ण वाढलेल्या जंताच्या अंगावर दिसतात, आणि तो वाढतो देवमाशाच्या जठरांत! किनाऱ्यास लागलेला एखादा मेलेला देवमासा फाडून पाहिला तर आंत वाढलेले जंत मिळतात. परंतु अळीचा जंत कसा झाला, किती दिवसांत झाला, कशानें झाला, तें त्यावरून कळत नाहीं.

पूर्वीं अशा वेळीं शास्त्रज्ञ जिवंत देहाचीच प्रयोगशाळा करीत. १९२२ सालीं जपानांतील कोइनो नांवाच्या संशोधकानें घरगुती जंताचीं दोन हजार अंडीं स्वतः गिळलीं. थोड्याच दिवसांत त्याच्या फुप्फुसांस विकार झाला आणि त्याच्या बेडक्यांत जंताच्या अळ्या दिसूं लागल्या. आंतड्यांत स्थायिक होण्यापूर्वीं हा जंत फुप्फुसांतून फेरी मारतो, याचा मनुष्याच्या बाबतींतला पुरावा असा एका मनुष्यानें स्वतःच्या छातीवर घेतला. त्याच्या धैर्याचें कौतुक करावें तेवढें थोडें; परंतु ज्ञान मिळविण्याचा हा मार्ग सर्वांस मोकळा नाहीं, आणि असूंही नये. सशांना व उंदरांना अळ्या चारून पाहणें हा दुसरा मार्ग. त्यांत मुक्या प्राण्यांचे हाल, आणि आंत काय चाललें आहे तें तरीही दिसत नाहीं तें नाहींच. तिसरा मार्ग असा कीं, यजमानाला वगळून त्याच्या जठराचीच प्रतिकृति कांचेंत करावी.

या तिसऱ्या मार्गाची निकड भासण्यास हॉलंडांतील एक प्रकरण कारण झालें. तेथील लोक मोसमाच्या आरंभीं हलकें मीठ लावलेला हेरिंग मासा न शिजवितां मोठ्या आवडीनें खातात. १९५० नंतरच्या वर्षांत अशा कित्येक खवय्यांस एकाएकीं पोटशूळ उठूं लागला. आंतड्यास गांठ झाली असें समजून शस्त्रक्रिया करावी, तों सुजलेल्या भागांत एक अळी रुतलेली दिसे. लायडन येथील व्हॅन थील व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० सालीं ही अळी हेरिंगमधलीच आहे, असें प्रसिद्ध केलें. मासे तर लोक शतकानुशतकें खात आले होते. मग हा उपद्रव तेव्हांच कां? याचें कारण असें सांगतात कीं, पूर्वीं कोळी मासा पकडतांच समुद्रावरच त्याचीं आंतडीं काढून टाकीत. पुढें बर्फाची सोय झाल्यावर मासे न साफ करितांच किनाऱ्यास येऊं लागले. मासा मेल्यावर त्याच्या आंतड्यांभोंवतालच्या अळ्यांपैकीं कांहीं त्याच्या मांसांत शिरतात. सोय वाढली, आणि सोयीबरोबर जंत ताटापर्यंत आला! १९६८ सालीं डच सरकारनें कायदा केला कीं, असा हेरिंग विकण्यापूर्वीं तो निदान चोवीस तास शून्याखालीं वीस अंशांवर गोठविलाच पाहिजे. तेव्हांपासून तेथील हा रोग जवळजवळ नाहींसा झाला.

याच सुमारास कांचेंतल्या संगोपनाला यश येऊं लागलें. १९६३ सालीं कॅनडांतील टाउन्स्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॉड माशाच्या मांसांतून काढलेली, सील प्राण्याच्या जठरांत वाढणाऱ्या एका जवळच्या जंताची अळी कांचेंत वाढवून पक्व केली. १९७१ सालीं हॉलंडांतील व्हॅन बॅनिंग यांनीं हेरिंगमधल्या प्रत्यक्ष ॲनिसाकिसला अळीपासून वाढविल्याचें वृत्त दिलें. १९७६ सालीं पोलंडांतील यादविगा ग्राब्दा या विदुषीनें कांचेंत वाढणाऱ्या जंताच्या एकेका अवस्थेचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें स्पेनमधील ग्रानादा येथील संशोधकांनीं ही रीत अधिक सुटसुटीत केली, आणि आज अनेक प्रयोगशाळा त्यांच्याच धर्तीवर काम करतात.

ती रीत कशी आहे? प्रथम बाजारांतून ताजा मासा आणावयाचा. त्याचें पोट उघडून आंतील वेटोळीं झालेल्या अळ्या बोथट चिमट्यानें, त्यांस इजा न होईल अशा बेतानें, एकेक उचलावयाच्या. मग त्यांस मिठाच्या सौम्य पाण्यांत वरचेवर धुवावयाचें व जंतुनाशक औषधाच्या द्रवांत ठेवावयाचें. कारण अळीच्या अंगाला चिकटून आलेला एखादा सूक्ष्मजंतु पोषक द्रवांत पडला तर रातोरात त्याचेंच पीक येतें, आणि अळी उपाशी मरते. आमच्या भगिनींस हें समजावून सांगणें नको. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागला तर काय होतें तें त्या जाणतातच. सोवळें प्रयोगशाळेंतही पाळावें लागतें, आणि तेथें त्यास फार कडक अर्थ आहे.

नंतर सूक्ष्मदर्शकाखालीं धडधाकट अळ्या निवडून त्यांस लहान लहान वाट्यांत पोषक द्रवांत सोडतात. हा द्रव मुळांत रक्तांतील पांढऱ्या पेशी वाढविण्यासाठीं तयार झाला. अमेरिकेंतील बफेलो शहरच्या रोझवेल पार्क संस्थेच्या नांवावरून त्यास 'आरपीएमआय' म्हणतात. त्यांत क्षार, साखर, जीवनसत्त्वें व ॲमिनो आम्लें असतात. त्यांत पांचवा हिस्सा गाईच्या गर्भस्थ वासराचा रक्तरस मिसळतात. हें वाचून कित्येक वाचकांस क्लेश होतील, आणि ते साहजिक आहेत. मुक्या प्राण्यांचे हाल टाळण्यासाठीं काढलेल्या या मार्गावरही प्राण्याचें देणें उरलेंच आहे, ही गोष्ट लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. या रक्तरसावांचून भागेल असे द्रव शोधण्याचे प्रयत्न जीवशास्त्राच्या सर्वच शाखांत चालू आहेत.

एवढें अन्न दिलें म्हणजे काम झालें, असें कोणास वाटेल. परंतु खरी गोष्ट येथूनच पुढें आहे. अन्नाच्या नुसत्या विपुलतेनें ही अळी वाढत नाहीं. आपण योग्य घरीं आलों आहों, अशी तिची खात्री पटावी लागते. आणि ती खात्री पटविणाऱ्या खुणा कोणत्या, हें कांचेंतल्या प्रयोगांनीं एक एक करून दाखविलें.

पहिली खूण उष्णतेची. मासा थंड रक्ताचा. भोंवतालच्या पाण्याएवढेंच त्याचें अंग गार. देवमासा समुद्रांत राहत असला तरी आपल्यासारखाच ऊष्ण रक्ताचा सस्तन प्राणी आहे. म्हणून अळ्यांच्या वाट्या ३७ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पेटींत ठेवितात. दुसरी खूण वायूची. सॉमरव्हिल व डेव्ही यांनीं १९७६ सालीं दाखविलें कीं, कर्बाम्लवायूचा, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडचा, अळीच्या कात टाकण्याशीं संबंध आहे. जठरांत या वायूचें प्रमाण मोकळ्या हवेपेक्षां पुष्कळ अधिक असतें. म्हणून पेटींतील हवेंत तो शेंकडा पांच इतका मिसळतात. तिसरी खूण आंबटपणाची. द्रव पी-एच ४ या मापाइतका आम्ल ठेवितात. चवथी खूण सर्वांत चमत्कारिक आहे. जठरांत अन्न पचविणारें पेप्सिन नांवाचें द्रव्य असतें. जठरांत राहणाऱ्या प्राण्याला हें द्रव्य शत्रूप्रमाणें वाटत असेल, असा आपला तर्क. ग्रानादाच्या संशोधकांनीं तें थोडें द्रवांत घालून पाहिलें, तों २००१ सालीं त्यांस असें सांगतां आलें कीं, पेप्सिन असलें म्हणजे जंत अधिक दिवस जगतात, आणि शेवटची कात टाकून प्रौढ होणाऱ्यांची संख्याही वाढते. जो अग्नि इतरांस जाळतो त्याच्याच शेजारीं या महाशयांनीं आपली चूल मांडली आहे!

या चार खुणा जुळल्या म्हणजे काय होतें तें डोळ्यांनीं पाहतां येतें. थोड्याच दिवसांत अळी पहिली कात टाकते. तिच्या तोंडाशीं भोंक पाडण्याचा जो बारीक दांत असतो, तो त्या कातेबरोबर जातो व त्याच्या जागीं ओठ दिसूं लागतात. कांहीं आठवड्यांनीं ती दुसरी कात टाकते, आणि आजवर जी नुसती 'अळी' होती ती नर किंवा मादी म्हणून ओळखूं येते.

उष्णतेची खूण किती निर्णायक आहे, तें एका शेजाऱ्याच्या उदाहरणानें स्पष्ट होतें. हिस्टरोथायलेशियम या नांवाचा ॲनिसाकिसचा एक आप्त त्याच माशांत, त्याच्याच जोडीला सांपडतो; परंतु त्याचा प्रौढपणाचा संसार माशाच्याच आंतड्यांत असतो, देवमाशाच्या नव्हे. ग्रानादाच्याच मंडळींनीं तो अंडीं घालीपर्यंत कांचेंत वाढविला, तो सुमारें १३ अंशांवर. म्हणजे गार माशाच्या अंगाइतक्या उष्णतेवर. एकाला जी ऊब घर वाटते तिच्यांत दुसऱ्याचा निभाव लागत नाहीं. म्हणूनच हा दुसरा जंत कच्च्या माशाबरोबर पोटांत गेला तरी मनुष्यास सहसा त्रास देत नाहीं.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. मनुष्याच्या जठराची उष्णता ३७ अंश. त्यांत आम्ल आहे, पेप्सिन आहे, कर्बाम्लवायु आहे. म्हणजे देवमाशाच्या जठराच्या ज्या खुणांवर ही अळी जागी होते, त्या खुणा आपल्याही जठरांत हजर आहेत. जपानांतील चिरंजीवांच्या पोटांत त्या रात्रीं काय झालें असावें, तें यावरून उलगडतें. माशाच्या गार मांसांत निजलेली अळी ऊब लागतांच जागी झाली, आपण देवमाशांत पोंचलों असें समजली, आणि आपल्या दांतानें जठराच्या अस्तराला भोंक पाडूं लागली. ती मनुष्यावर चालून आलेली नव्हती. ती पत्ता चुकलेली होती. परंतु पत्ता चुकलेल्यानें दार फोडलें तरी घरच्यांस दुखायचें तें दुखतेंच, आणि शरीराची रक्षक यंत्रणाही तितक्याच त्वेषानें त्या जागेवर धांवून जाते.

येथें कांचेची वाटी आणि मनुष्याचें जठर यांतला भेद ध्यानांत घेतला पाहिजे. वाटींत अळीला प्रतिकार करणारें कोणी नसतें. म्हणून ती तेथें पूर्ण वाढूं शकते. जिवंत मनुष्याच्या पोटांत ती बहुधा याच अवस्थेंत मरते. क्वचित् एक कात टाकण्यापर्यंत जाते. परंतु अंडीं घालण्याइतका तिचा संसार तेथें मांडला जात नाहीं. आणि क्षणभर असें धरून चाललों कीं, अंडीं झालींच, तरीही त्या अंड्यांना पुढें समुद्र हवा, समुद्रांत क्रिल हवा, क्रिलला खाणारा मासा हवा. पुण्या-सातारच्या घरांतील ताटवाट्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. सासूबाईंच्या शंकेचें हें समाधान.

कोणी विचारील कीं, रोग टाळण्याचा उपाय तर डच लोकांना गोठविण्यानेंच सांपडला. मग हा जंत पोसण्याचा खटाटोप कशासाठीं? त्याचीं कारणें तीन. एक तर आंत रुतलेल्या अळीला मारणारें खात्रीचें औषध अद्याप ठरलेलें नाहीं. आल्बेंडाझोल नांवाचें जंताचें औषध कांहीं डॉक्टरांनीं वापरून पाहिलें आहे. परंतु दुर्बिणीनें काढून टाकणें हाच आजही मुख्य उपाय. अळी जठराच्या पलीकडे आंतड्यांत उतरली तर दुर्बीणही सहजीं पोंचत नाहीं. नवीं औषधें पारखावयाचीं तर त्यांस जिवंत, निरोगी जंत हवेत, आणि ते मनुष्याबाहेर हवेत. दुसरें कारण ॲलर्जीचें. स्पेनमध्यें व्हिनेगरांत मुरविलेले, आपल्या मांदेलीच्या गोतांतले छोटे मासे खाण्याची आवड आहे. तेथें कित्येकांस पोटशुळाबरोबर अंगावर गांधी उठतात, क्वचित् श्वासही कोंडतो. जंताच्या अंगांतून स्रवणाऱ्या द्रव्यांचा हा परिणाम. आणि तीं द्रव्यें शुद्ध रूपांत गोळा करावयाचीं तर जंत स्वच्छ द्रवांत जगविणें यासारखा दुसरा उपाय नाहीं. रुग्णाला दुखणें माशाचें कीं माशांतल्या जंताचें, हें सांगणाऱ्या रक्तपरीक्षा अशाच द्रव्यांवर उभारलेल्या आहेत. तिसरें कारण केवळ ज्ञानाचें: अळीवरून न ओळखणारी जाति प्रौढ जंतावरून पडताळून पाहतां येते.

जीं मुलें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं आहेत, किंवा मुंबई-पुण्याच्या नव्या उपाहारगृहांत जपानी पदार्थांची चव घेतात, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी येथें नमूद करतों. माशाचा आंतला भाग ६० अंशांवर निदान एक मिनिट राहिला तर अळी मरते; कोंकणांतल्या रटरटणाऱ्या कालवणांत ती टिकत नाहीं. कच्चा मासा खावयाचाच असेल तर तो नीट गोठविलेला असावा. युरोपांतला नियम शून्याखालीं २० अंशांवर चोवीस तास किंवा ३५ अंशांवर पंधरा तास असा आहे. अमेरिकेंतली शिफारस शून्याखालीं २० अंशांवर सात दिवसांची आहे. घरगुती शीतकपाटांतला बर्फाचा कप्पा एवढ्या थंडीस पोंचतोच असें नाहीं. लिंबू, व्हिनेगर, मोहरीसारखा झणका देणारी जपानी वसाबी, किंवा वरून भुरभुरलेलें मीठ यांवर विसंबूं नये. जी अळी जठराच्या आम्लांत सुखानें राहते, तिला लिंबाच्या चार थेंबांचें काय भय? आणि ज्यांस या जंताची ॲलर्जी एकदां जडली आहे, त्यांनीं शिजविलेल्या माशाविषयींही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कारण जंत मेला तरी त्याच्या अंगांतलीं कांहीं ॲलर्जीकारक द्रव्यें उष्णतेनें नष्ट होत नाहींत.

शेवटीं शाकाहारी घरांस एक सूचना. आमच्या घरीं मासाच येत नाहीं, तेव्हां जंताशीं आमचा संबंध नाहीं, असें मानून निश्चिंत राहूं नये. समुद्रांतल्या जंताचा जो जमिनीवरचा आप्त वर सांगितला, तो कोथिंबीर, मुळा, गाजर यांना चिकटलेल्या मातींतून, आणि मुलांच्या न धुतलेल्या नखांतून येतो. त्याला देवमासा लागत नाहीं. त्याचा यजमान आपणच. भारतांत २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्तानें शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांस आल्बेंडाझोलची गोळी देतात. ती आपल्या घरांतील मुलें घेतात कीं लपवून टाकतात, याकडे आयाबायांनीं लक्ष द्यावें. सात मुलांच्या घरांत पाहुण्याचा तांब्या निराळा ठेवण्यापेक्षां, सातही मुलांनीं जेवणापूर्वीं साबणानें हात धुणें आणि कच्ची भाजी चार पाण्यांतून काढणें हें शतपटीनें अधिक उपयोगाचें आहे. सासूबाईंच्या दक्षतेला हें क्षेत्र मोकळें आहे, आणि तेथें त्यांचा शब्द सर्वांनीं मानावा, अशी आमचीही शिफारस आहे.

तेव्हां चिरंजीवांनीं खुशाल घरीं यावें, आणि सर्वांच्या पंक्तीस बसून फराळ करावा. पुढील अंकीं याच कुळकथेचा आणखी एक भाग देण्याचा विचार आहे. नारू हाही एक गोल जंतच. तोही पाण्यांतल्या एका चिमुकल्या प्राण्याच्या पोटांतून मनुष्याकडे येत असे. त्याच्यावर ना लस निघाली, ना औषध. तरी भारतांतला त्याचा शेवटचा रुग्ण १९९६ सालीं आढळला, आणि २००० सालीं आपला देश नारूमुक्त म्हणून मान्य झाला. ही गोष्ट गाळलेल्या पाण्यानें व जाग्या झालेल्या गांवकऱ्यांनीं कशी घडवून आणली, तें तेव्हां पाहूं. ज्या वाचकांच्या घरीं पायविहिरींच्या व नारूच्या आठवणी सांगणारे वडीलधारे असतील, त्यांनीं त्या आम्हांकडे अवश्य लिहून पाठवाव्या.